भेंडी, ट्रेडमिल आणि कोयनेल

"काका, काल भेंडी खाली लागली ना?"

भाजीच्या गाडीवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं. अंगात हिरवा टी-शर्ट, कानात पांढरी बोंडं, वय पस्तिशीच्या आसपास. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. भेंडी मात्र खरोखर लागली होती. ही बहिणीकडे डोंबिवलीला गेली होती, आई झोपली होती आणि मी फोनवर क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीशी वाद घालत होतो. त्या भरात कढईचा कोळसा झाला. ही परतायच्या आत मी कढई तारेच्या घासणीने खरवडून जागच्या जागी ठेवली होती. गुन्ह्याला साक्षीदार नाही, अशी माझी समजूत होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्ही समोरच ना, जिममध्ये. धूर दिसत होता. म्हटलं आता उठतील, मग उठतील. माझे तीन किलोमीटर झाले, तुम्ही आपले फोनवरच."

त्याने अर्धा किलो टोमॅटो घेतले आणि तो गेला. भाजीवाला पलीकडे बघत हसत होता. मी त्या दिवशी भेंडी घेतली नाही.

आम्ही गोरेगाव पूर्वेला, आरेच्या बाजूला, एका जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. तळमजल्याचं मुंबईत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पावसाचं पाणी आधी आपल्याकडे, घुशी आपल्याकडे, आणि प्रत्येक कुरिअरवाल्याला साऱ्या बिल्डिंगचा पत्ता सांगायचं कामही आपल्याकडे. त्याच्या बदल्यात आम्हाला मागच्या बाजूला २२ फूट लांब आणि ८ फूट रुंद जमिनीची पट्टी मिळाली आहे. तिला आम्ही बाग म्हणतो. वापर आमचा, मालकी सोसायटीची आणि त्यातला कढीपत्ता सर्वांचा.

पट्टीच्या कडेला पाच फुटी कंपाउंडची भिंत. तिच्यापलीकडे पूर्वी बैठी चाळ होती. ते आमच्याकडे बघायचे, आम्ही त्यांच्याकडे बघायचो, हिशेब चुकता होता. मग चाळ गेली, टॉवर आला, पार्किंगच्या वर जिम आली आणि जिमला खालपासून वरपर्यंत काच आली. ट्रेडमिली एका रांगेत, तोंडं आमच्या स्वयंपाकघराकडे. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सात ते दहा, रोज दोन खेळ.

"पडदे लाव," ही म्हणाली. लावले. एप्रिलच्या दुपारी खिडकीला जाड पडदा म्हणजे माणसाने स्वतःला मोदकपात्रात ठेवणं. तरी मी चिकाटीने राहिलो असतो, पण आईने बंड केलं. आई ब्याऐंशीची आहे आणि तिची खुर्ची त्या खिडकीशी असते.

"मला काय कोंडून घालणार आहेस?"

"अगं, लोक बघतात."

"बघू देत की. आपण काही चोरून करतोय का?"

भेंडीचं प्रकरण तोवर घरात कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प बसलो आणि पडदे उतरवले.

तेव्हा झाडं लावायचं ठरलं. हिने तीन हजार रुपये मंजूर केले, माती, खत आणि रिक्षा धरून.

पहिला सल्ला आला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून. ते निवृत्त इंजिनिअर. कुणी नुसतं "पंखा आवाज करतो" म्हटलं तरी ते पेन्सिल काढतात. त्यांनी माझ्या वीजबिलाच्या पाठीवर त्रिकोण काढला. ट्रेडमिलवरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून अंदाजे १८ फुटांवर, आमची खिडकी त्याच्यापासून ३० फुटांवर, खिडकीशी खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं ४ फुटांवर. "आता ही त्याची नजर," म्हणत त्यांनी तिरकी रेघ मारली. "भिंतीपाशी झाड लावलंस तर आठ फूट उंच हवं. तेच खिडकीपासून दोन फुटांवर लावलंस तर पाच फुटांत काम होतं. झाड जितकं तुझ्या जवळ, तितकं बुटकं चालतं. म्हणजे तितकं स्वस्त."

हे मला पटलं. तीन हजारांत पाच फुटी झाड आठ फुटीपेक्षा कधीही बरं. पण आईने कागद न बघताच विचारलं, "खिडकीला झाड टेकवलं तर वारा कुठून येणार? आणि डास?" काकांच्या त्रिकोणात डास नव्हते. झाडं भिंतीपाशीच लावायची ठरली. उभ्या माणसाला नऊ फूट लागतील, असं काका जाता जाता म्हणाले. मी ठरवलं की स्वयंपाकघरात शक्यतो बसून राहायचं.

मग सल्ल्यांचा पूर आला. मुंबईत माणसाला घर मिळत नाही, पण झाडाबद्दलचं मत प्रत्येकाकडे मालकीचं असतं.

"अशोक लाव, सरळसोट जातो, जागा खात नाही." हा सल्ला सगळ्यांत जास्त वेळा आला. सोसायट्यांच्या भिंतींना टेकून उभा असतो तो अशोक खरं तर खोटा अशोक. सीता बसली होती ते झाड वेगळंच. या झाडाला सावली अशी ती नाहीच. याच्याखाली बसली असती तर रावणाच्या आधी तिला उन्हानेच गाठलं असतं. पण आडोशाला झाड चांगलं, स्वस्त, आणि चार-चार फुटांवर पाच लावली की काम झालं. अडचण एकच, त्याला फळं येतात आणि ती वटवाघळांना प्रिय असतात. शेजारच्या सोसायटीत पाच अशोक आहेत आणि त्यांच्याखाली एक पांढरी गाडी उभी असते. पावसाळ्यात ती गाडी पाहिली आणि मी विषय सोडला.

"शेवगा लाव. फांदी खोचली की झाड. पैसे शून्य, शिवाय आमटीला शेंगा." हे आईचं मत, आणि मला मोहात पाडणारं. शेवगा वर्षभरात मजला गाठतो हे खरं. पण त्याचं लाकूड काकडीसारखं, पहिल्या वादळाला फांदी कुणाच्या तरी स्कूटरवर. आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट असे थर लावून बसतात की खोडालाच लोकरीचं स्वेटर घातल्यासारखं दिसतं. आमच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या भिंतीपाशीच आहेत. सुरवंट बनियनवर चढल्यावर काय होतं ते मी लहानपणी सावंतवाडीला अनुभवलं आहे. पुन्हा नको.

बांबू मला स्वतःला आवडला होता. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटाने वाढतात, जमिनीखालून शेजाऱ्याच्या बाथरूमपर्यंत पळत नाहीत. दाट होतात, वाऱ्याला सळसळतात. सेक्रेटरींना विचारायला गेलो.

सेक्रेटरी कायदा जाणतात. म्हणजे त्यांना कलमं पाठ आहेत. "झाड लावायला कुणाची ना नाही," ते म्हणाले. "पण उद्या ते काढायचं म्हटलं तर? १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांदी छाटायलासुद्धा अर्ज करतो मी दर मे महिन्यात."

"बांबू झाड नाही," मी म्हणालो. मी तयारी करून गेलो होतो. "गवत आहे. २०१७ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून त्याला झाडांच्या व्याख्येतून काढलं."

"तो १९२७ चा वनकायदा. आपण वनात राहतो का?"

गोरेगाव पूर्वेला हा प्रश्न विचारण्यात थोडी जोखीम आहे. कारण मागे बसलेले खजिनदार लगेच म्हणाले, "तेच तर! बांबूचं बन केलं आणि त्यात बिबट्या येऊन बसला तर?" हसण्यासारखं नव्हतं. आरेला लागून नॅशनल पार्क आहे, आरेत बिबटे आहेत, आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला रात्री कुत्री एकदम गप्प झाली की लोक खिडक्या लावून घेतात. पंधरा मिनिटं कमिटी बिबट्यावर बोलली. शेवटी ठराव झाला की लागवड करावी, पण बिबट्या बसू शकेल इतकी दाट नसावी. माणूस दिसू नये पण बिबट्या दिसावा, अशा झाडाचं नाव मात्र कुणाला सांगता आलं नाही.

दरम्यान तात्पुरता उपाय म्हणून मी भिंतीवर हिरवी जाळी बांधली. बांधकामावर असते तसली. चार दिवसांत तीन ब्रोकर चौकशी करून गेले. पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी खाली आल्या आणि हळूच विचारू लागल्या, "रिडेव्हलपमेंट ठरलं वाटतं? किती टक्के जादा देतायत?" रविवारी जिन्यात सात माणसं जमली. कमिटीने परस्पर बिल्डर गाठला, असा आरोप झाला. त्या रात्री सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लिहिलं की सदर जाळी ही सभासदाच्या खाजगी आडोशाकरिता आहे. म्हणजे ज्यांनी आजवर माझ्या खिडकीकडे पाहिलं नव्हतं, त्यांनीही येऊन एकदा पाहून घेतलं.

नर्सरी आरेतच आहे, रिक्षाने दहा मिनिटं. नर्सरीत फसायला होतं ते एका साध्या कारणाने. तिथे झाडं लोकलमधल्या माणसांसारखी खेटून उभी असतात, म्हणून दाट वाटतात. त्यातलं एक उचलून बाजूला ठेवलं की त्याची खरी तब्येत कळते: एक काडी, वर सात पानं. अरेका पाम मला फार भरदार वाटला होता. हा मूळचा मादागास्करचा, आणि मुंबईतल्या प्रत्येक दवाखान्यात असतो. पाच फुटी एकाचे साडेचारशे सांगितले. अशी दहा लागणार होती. मी कॅल्क्युलेटर खिशात ठेवला.

"सेठ, दीवार चाहिए ना? ये ले जाओ," म्हणत नर्सरीवाल्याने एका हिरव्यागार रांगेकडे बोट केलं. "छे महिने में आठ फूट. साठ रुपया." साठ रुपये आणि आठ फूट हे दोन आकडे एका वाक्यात ऐकून मला भरून आलं. नाव विचारलं. कोनोकार्पस. मग फोनवर शोधलं. हे परदेशी झाड झपाट्याने वाढतं खरं, पण मुळं गटाराच्या पाइपात शिरतात आणि परागाने खोकला-सर्दीच्या तक्रारी येतात. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. आमच्या पट्टीखालून सगळ्या बिल्डिंगची ड्रेनेज लाइन जाते. तळमजल्यावर राहणाऱ्याला तिची आठवण करून द्यावी लागत नाही. मी साठ रुपये परत खिशात घातले. मग कुंती पाहिली. तिचा वास असा की सगळं विसरावं, पण ती इतकी सावकाश वाढते की आडोसा माझ्या नातवाला मिळाला असता. मला अजून जावईही नाही.

परत येताना एक नवीनच कल्पना सुचली. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या गच्चीवरून पडदावेल खाली सोडली आहे. नावाप्रमाणेच पडदा, वरून खाली हिरवा धबधबा. फुकटात कलम मिळत होतं. पण वेल खाली लोंबते, म्हणजे माझ्या खिडकीवर पडदा यायचा तर मूळ पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत लावायला हवं. काकू तयार झाल्या. फक्त म्हणाल्या, "आम्ही मे महिनाभर चिपळूणला असतो, तेव्हा पाणी कोण घालणार?"

"किल्ली ठेवून जा, मी घालीन."

काकूंचा चेहरा बदलला. "किल्ली? म्हणजे आम्ही नसताना तुम्ही आमच्या घरात फिरणार?"

आडोसा कुणाला नको असतो! वेलीचा विषय तिथेच थांबला.

शेवटी प्रश्न सोडवला माळीमामांनी. हे जुन्नरकडचे, आमच्या आणि आजूबाजूच्या चार सोसायट्यांची कुंपणं छाटतात. मी त्यांना आरेतली सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "कोयनेल लावा की. इकत कशाला घ्यायची? छाटलेली टाकूनच देतो आम्ही."

कोयनेल! शाळेच्या मैदानाभोवती होती, पोस्टाच्या आवारात होती, आमच्या सोसायटीच्या पुढच्या कुंपणालाच होती. इतकी वर्षं रोज बघतो म्हणून दिसलीच नव्हती. काहीजण कडूमेंदी म्हणतात. पान इतकं कडू की बकरी तोंड लावत नाही. मूळची समुद्रकाठची, त्यामुळे खारा वारा आणि मुंबईचा पाऊस दोन्ही सोसते. मामा म्हणाले, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, वीतभर लांब, मृगाचा पाऊस पडला की खोचायच्या. एका ओळीत नाही, दोन ओळींत, फूटफूट अंतर, पुढच्या ओळीतली काडी मागच्या दोघींच्या मधल्या फटीत. २२ फुटांना ४४ काड्या, मरतुकीसाठी वर वीस. एकूण खर्च: मामांना चहा आणि दोनशे रुपये. भिंतीच्या वरच्या उंचीसाठी त्यांनी तारेवर मधुमालती चढवायला सांगितली. एक रोप ऐंशी रुपयांना.

फुकटच्या झाडांना खड्डे मात्र फुकट मिळत नाहीत. वीतभर माती खणली की खाली रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा. बिल्डिंग बांधताना उरलेलं सगळं बिल्डरने इथेच पुरलं होतं. मला विटांचे तुकडे, फरशीचे तुकडे, एक आख्खा नळ आणि एक स्लिपर मिळाली. लाल मातीच्या बारा गोणी लागल्या आणि बजेट तिथे खर्ची पडलं. खतासाठी मी शहाणपणा केला. आरेतल्या तबेल्यातून शेण थेट आणलं, स्वस्त पडलं. शेणखत कुजवून घालायचं असतं, ताज्या शेणाच्या उष्णतेने मुळं जळतात, हे मामांनी नंतर सांगितलं. "नंतर" म्हणजे बिल्डिंगमधल्या सोळाही घरांनी नाकाला रुमाल लावून तक्रार केल्यावर. एकटी आई खूश होती. खिडकीत बसून म्हणाली, "गोठ्यात आल्यासारखं वाटतंय." ते शेण तीन महिने कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलं.

आईच्या हट्टाने तीन जास्वंदी पण लावल्या, गणपतीला लाल फूल हवं म्हणून. ही माझी सर्वांत मोठी चूक. जास्वंदीवर आधी पिठ्या ढेकूण आला, त्याला कडुनिंबाचं तेल मारलं. मग फुलं आली, आणि फुलांमागोमाग माणसं. पहाटे साडेपाचला हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि आकडी घेतलेले दोन आजोबा नि एक आजी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे. जिममधला माणूस निदान तीस फुटांवर होता. हे थेट ओट्याशी. "देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत," असं आजींनी मला खिडकीच्या गजांतून ऐकवलं आणि वर विचारलं, "तुम्ही चहात आलं घालत नाही?"

कोयनेल मात्र गुणी निघाली. चौसष्ट काड्यांतल्या दहा घुशीने उखडल्या, पाच आफ्रिकन गोगलगायींनी खाल्ल्या, उरलेल्या रुजल्या. कंबरेएवढी झाल्यावर मामा कात्री घेऊन आले आणि म्हणाले, शेंडे मारा, नाहीतर वर छत्री आणि खाली बोडके पाय राहतील. एवढ्या मेहनतीने वाढलेली उंची कापायची! मी अर्धी कापू दिली, अर्धी वाचवली. त्या वाचवलेल्या अर्ध्याचे पाय आजही बोडके आहेत आणि त्यातून मांजरं ये-जा करतात. छाटणी करताना खालचा भाग रुंद आणि वरचा अरुंद ठेवायचा, म्हणजे उन्हं खालपर्यंत पोचतात, हेही मी आता चार लोकांना सुनावतो.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा काम झालं होतं. खाली कोयनेल, वर तारेवर मधुमालती. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात आणि दोन-तीन दिवसांत लाल. काकांनी येऊन फूटपट्टी लावली: आठ फूट तीन इंच. मी खुर्चीत बसलो, समोर बघितलं. हिरवं. काच नाही, ट्रेडमिल नाही, कुणी नाही. मी त्या दिवशी बनियनवर, मोठ्याने गाणं म्हणत, पोहे केले.

दिवाळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की कुंपणात एक भोक आहे. आईच्या खुर्चीच्या बरोबर समोर, बशीएवढं. कीड म्हणून मामांना दाखवलं. ते बघून हसले. "कीड न्हाय. रोज कुनीतरी खुडतंय." मी आईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर कोयनेलची चार पानं होती.

"दुपारी हात जातो आपोआप," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तो हिरव्या शर्टाचा मुलगा तीन दिवस आला नाही. त्याच्या आधी लंगडत होता. उजवा पाय."

पुढच्या रविवारी मी भाजीच्या गाडीवर उभा होतो. शेजारी कोणीतरी टोमॅटो निवडत होतं. वळून पाहिलं तर हिरवा टी-शर्ट, कानात पांढरी बोंडं.

"काय हो, आठवडाभर ट्रेडमिलवर नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं. "उजवा गुडघा का?"

त्याने हातातला टोमॅटो सावकाश खाली ठेवला. भाजीवाला पलीकडे बघू लागला. मी पाव किलो भेंडी मागितली.